‘शंभर टक्के प्रायव्हसी’ विकणाऱ्याला विचारायचे सात प्रश्न



गेल्या व्हिडिओखाली तासगावच्या एका मित्राने कमेंट टाकली होती. "ताई, आम्ही तिघं मिळून बेदाण्यासाठी ॲप बनवतोय. शेतकरी, कोल्ड स्टोरेज, व्यापारी, निर्यातदार, सगळ्यांच्या नोंदी एका ब्लॉकचेनवर. पण एकाला मिळालेला भाव दुसऱ्याला दिसायला नको. प्रायव्हसीची सेवा देणाऱ्या तीन कंपन्यांची प्रेझेंटेशनं बघितली. तिघंही म्हणतात शंभर टक्के सुरक्षित. कुठली घेऊ?"

याचं उत्तर कमेंटमध्ये मावणारं नाही, म्हणून इथे लिहितेय. आणि हा प्रश्न फक्त बेदाणावाल्यांचा नाही. लॉयल्टी पॉइंट, वॉरंटी कार्ड, क्लासचं सर्टिफिकेट, सेंद्रिय मालाचा क्यूआर कोड... उद्या तुमच्याकडेही कुणीतरी लॅपटॉप घेऊन येणार आणि "ब्लॉकचेनवर टाकूया" म्हणणार.

माझं मत आधीच सांगते. "तुमची सेवा किती सुरक्षित आहे?" असं विचारून काहीच कळत नाही, कारण सगळे एकच उत्तर देतात. विचारायचं ते हे: "तुमचं कुलूप तुटलं किंवा तुमची कंपनी बंद पडली, तर माझ्या ग्राहकाचं काय होईल?" याचं जो सरळ आणि लेखी उत्तर देईल, त्याच्याशीच पुढची बोलणी करायची. बाकीच्यांना चहा पाजा आणि नमस्कार करा.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. ठेच लागली म्हणून शिकले.

माझ्या दुकानात काय झालं

माझं सांगलीत लहान मुलांच्या कपड्यांचं आणि बाळंतविड्याचं दुकान आहे, हे जुन्या मंडळींना माहितीच आहे. काही वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअरवाले आले. रिवॉर्ड पॉइंटची सिस्टीम, तीसुद्धा ब्लॉकचेनवर. ग्राहकाला पॉइंटचा हिशेब कुणी बदलू शकणार नाही याची खात्री, आणि मला दुकानाबाहेर ‘ब्लॉकचेन रिवॉर्ड्स’ असा बोर्ड लावता येणार. खोटं कशाला बोलू, मला त्या बोर्डाचाच मोह जास्त झाला.

मी विचारलं, "ग्राहकांचे मोबाइल नंबर बाहेर तर जाणार नाहीत ना?" ते म्हणाले, "सगळं एन्क्रिप्टेड आहे मॅडम." मी मान हलवली. बीबीएमध्ये आम्हाला बॅलन्स शीट वाचायला शिकवलं होतं, एन्क्रिप्शन नाही.

आठ महिन्यांत साडेतीनशेच्या आसपास ग्राहक जोडले गेले. मग एक दिवस एक ताई दुकानात आल्या. (त्यांना विचारून लिहितेय, नाव-गाव सांगणार नाही.) त्यांनी आमच्याकडून गरोदरपणातलं सामान आणि बाळंतविडा घेतला होता. सातव्या महिन्यात त्यांचं बाळ गेलं. आणि आमच्या सिस्टीमने तारखेचा हिशेब करून त्यांना मेसेज पाठवला होता: अभिनंदन, बाळाच्या उष्टावणाच्या खरेदीवर २० टक्के सूट.

त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमच्या यादीतून माझं सगळं काढून टाका."

मेसेज मी पाच मिनिटांत बंद केले. आमच्या यादीतून नावही काढलं. मग कंपनीला फोन लावला की चेनवरच्या यांच्या नोंदीही पुसा. तिकडून उत्तर आलं, "ते पुसता येत नाही मॅडम, इम्युटेबल असतं. तेच तर फीचर आहे."

मग चेनवर नेमकं काय आहे ते मी पहिल्यांदा उघडून बघितलं. मोबाइल नंबरचा हॅश, तारीख आणि खरेदीच्या प्रकाराचा कोड. नवजात बाळाच्या सामानाचा वेगळा कोड, गरोदरपणाच्या सामानाचा वेगळा. सगळ्या जगाला दिसेल असं.

हॅश म्हणजे काय? माहिती एका गणिती यंत्रात घातली की बाहेर अक्षरं-आकड्यांची ठरावीक लांबीची ओळ येते. ओळीवरून उलटं माहितीकडे जाता येत नाही. ऐकायला छान वाटतं. पण तीच माहिती घातली की दर वेळी तीच ओळ बाहेर येते, आणि इथेच सगळी गडबड आहे. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी नंबर. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, कॉम्प्युटरला वाटत नाही. माझ्या दुकानात हिशेब बघणाऱ्या पोराने साध्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम लावला: एकेक नंबर घे, हॅश काढ, चेनवरच्या ओळीशी जुळतो का बघ. दुपारच्या सुट्टीत शटर ओढताना सुरू केलं आणि चार वाजता शटर उघडलं तेव्हा माझ्या ग्राहकांचे नंबर स्क्रीनवर होते. पुढे कोण कधी गरोदर होतं, तेही.

त्या ताईंना मी फोन करून खरं काय ते सांगितलं. नाव काढलंय, पण एक ओळ अशी आहे जी मला मिटवता येत नाही. तो माझ्या धंद्यातला सगळ्यात अवघड फोन होता. करार मोडला, बोर्ड उतरवला. पैसे गेले त्याचं वाईट वाटून संपलं. ती ओळ मात्र आजही तिथेच आहे.

आधी हे ठरवा: ब्लॉकचेन हवीच का?

तुमचं एकट्याचं दुकान असेल आणि नोंद फक्त तुम्हीच करणार असाल, तर ब्लॉकचेनची गरज नाही. साधं बिलिंग सॉफ्टवेअर आणि रोजचा बॅकअप पुरतो.

एकमेकांवर पूर्ण भरवसा नसलेले चार जण एकच हिशेब वापरतात, तिथे तिचा उपयोग आहे. किंवा कुणीही, कुठेही कागद खरा की खोटा हे तपासू शकला पाहिजे, तिथे. आपल्या राज्यात असे प्रयोग झालेत. राज्य कौशल्य विकास मंडळाने पदविका प्रमाणपत्रांसाठी ब्लॉकचेन वापरली. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ साली जातप्रमाणपत्रांसाठी पॉलिगॉन ब्लॉकचेनचा प्रकल्प हाती घेतला गेला. बनावट प्रमाणपत्रं रोखायची हा हेतू. बेदाण्याच्या साखळीतही शेतकरी, कोल्ड स्टोरेज आणि व्यापारी तिघांचे हिशेब वेगवेगळे असतात, म्हणून तासगावच्या मित्राची कल्पना मला चुकीची वाटत नाही.

पण लक्षात घ्या, सार्वजनिक ब्लॉकचेन म्हणजे बाजाराच्या चौकात लावलेली खातेवही. कुणालाही वाचता येते, कुणालाही खोडता येत नाही. त्या वहीवर पडदा टाकायची सेवा जो विकतो, त्याला हे सात प्रश्न विचारा.

१. माझ्या ग्राहकाची नेमकी कोणती माहिती चेनवर जाते?

तोंडी उत्तर घेऊ नका. त्यांच्या आत्ताच्या चालू ग्राहकाच्या एका व्यवहाराची लिंक मागा आणि ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा. नाव नसलं तरी तारीख, रक्कम, मालाचा कोड दिसतोय का? बेदाण्यात तर नुसत्या तारखेवरून आणि टनावरून शेजारचा व्यापारी ओळखेल की माल कुणाचा. सगळ्यात चांगलं उत्तर असं असतं: "माहिती तुमच्याच डेटाबेसमध्ये राहील, चेनवर फक्त पडताळणीचा पुरावा जाईल."

२. हॅश करताना सॉल्ट वापरता का, आणि तो कुठे ठेवता?

सॉल्ट म्हणजे हॅश काढण्याआधी माहितीत मिसळलेला लांबलचक, गुप्त आणि प्रत्येक नोंदीसाठी वेगळा आकडा. तो असेल तर ४०० कोटी नंबर पडताळून काही हाती लागत नाही. आणि तो चेनबाहेर ठेवला असेल तर आणखी एक फायदा: ग्राहकाने "काढून टाका" म्हटलं की मूळ माहिती आणि सॉल्ट दोन्ही नष्ट करायचे. चेनवरची ओळ उरते, पण ती कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. आमच्या सिस्टीममध्ये सॉल्टच नव्हता. हा एक प्रश्न मला तेव्हा माहीत असता तर पुढचं काही घडलं नसतं.

आधार नंबरचंही तेच. १२ आकडे बघून फसू नका, नुसता हॅश पुरत नाही. आणि खरं तर आधार नंबरला हातच लावू नका.

३. तुमचं कुलूप कशाचं: गणिताचं, चिपचं की माणसांचं?

बाजारात ढोबळ तीन प्रकार आहेत.

गणिताचं कुलूप म्हणजे झिरो नॉलेज प्रूफ. माहिती न दाखवता ती खरी आहे हे सिद्ध करायचं. "हा माणूस १८ वर्षांचा झालाय" एवढंच कळतं, जन्मतारीख कळत नाही.

चिपचं कुलूप म्हणजे प्रोसेसरच्या आतली बंद पेटी. माहिती त्या पेटीतच उघडते, असा दावा. पण २०२२ मध्ये संशोधकांनी इंटेलच्या चिपमधला दोष वापरून सीक्रेट नेटवर्क या ब्लॉकचेनची मुख्य किल्लीच बाहेर काढून दाखवली. ही चेन खासगी व्यवहारांसाठीच ओळखली जायची. त्या किल्लीने पहिल्या दिवसापासूनचे खासगी व्यवहार उघडता आले असते. म्हणजे कुलूप आज तुटलं तर जुनंही सगळं उघडं. म्हणून विचारायचं: "चिप फुटली तर फक्त पुढचं उघडं पडेल की मागचंही?"

माणसांचं कुलूप म्हणजे ठरावीक सभासदांचीच चेन. हायपरलेजर फॅब्रिकमध्ये खासगी माहिती ठरलेल्या सभासदांकडेच राहते, बाकीच्यांकडे फक्त हॅश जातो, आणि २.५ आवृत्तीपासून ती खासगी माहिती मागाहून पुसायची सोयही आहे. मात्र इथे सगळी मदार सभासदांवर आणि नियम ठरवणाऱ्यावर. बेदाण्याच्या साखळीत चेन सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याच्या ताब्यात असेल, तर शेतकऱ्याची प्रायव्हसी कसली?

४. किल्ली कोणाकडे?

"एन्क्रिप्टेड आहे" म्हणजे कुलूप आहे. किल्ली त्यांच्याकडेच असेल तर ते कधीही उघडू शकतात, आणि त्यांचा नाराज होऊन सोडून गेलेला कर्मचारीसुद्धा. शिवाय किल्ली तुमच्याकडे असेल आणि तुमचा मोबाइल हरवला तर काय, हेही विचारा.

एक सावधगिरी: एन्क्रिप्ट केलेली वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक चेनवर टाकू नका. आजचं कुलूप दहा वर्षांनी तुटू शकतं, आणि माहिती तेव्हाही तिथेच असणार. आयपीएफएसवर ठेवू म्हणाले तर तोच नियम. ती साठवणुकीची सोय आहे, तिजोरी नाही. फाइलचा पत्ता ज्याला मिळाला त्याला ती मिळते.

५. मधला निरोप्या काय लिहून ठेवतो?

तुमचं ॲप चेनशी सहसा थेट बोलत नाही, मध्ये एक सेवा असते. तिला आरपीसी म्हणतात. आपण पुढच्या दाराला सात कुलपं लावतो आणि निरोप्या कोण कधी आलं-गेलं ते डायरीत लिहीत बसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटामास्क वॉलेट बनवणाऱ्या कन्सेन्सिसने आपल्या धोरणात स्पष्ट केलं की त्यांची इन्फ्युरा सेवा वापरून व्यवहार पाठवला तर आयपी पत्ता आणि वॉलेटचा पत्ता गोळा होतो. जगभरातून ओरड झाल्यावर कंपनीने ही माहिती सात दिवसांपेक्षा जास्त न ठेवण्याची तयारी दाखवली. धडा असा, की हे धोरणात लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. "किती दिवस ठेवता?" विचारा आणि आकडा घ्या.

६. दोष सापडला तर मला कधी आणि कसा कळवाल?

"आमच्यात दोषच नाही" म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा खोटारडा. झीकॅश हे नाणं या क्षेत्रातल्या नामवंत संशोधकांनी बनवलेलं. तरी मार्च २०१८ मध्ये त्यांच्याच तज्ज्ञाला गणितात अशी चूक सापडली की तिचा वापर करून खोटी नाणी पाडता आली असती. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी ती दुरुस्त केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सगळ्या जगाला सांगितलं. तज्ज्ञ मंडळींची चूक झाली म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. चूक शोधली, बुजवली, सांगितली, याला मार्क देते. तुमच्या कंपनीकडे ऑडिटचा रिपोर्ट मागा. कोणी केला, कधी केला, त्यानंतर कोड बदलला का, आणि आधी सापडलेल्या चुका त्यांनी जाहीर केल्यात का, हे बघा.

७. तुम्ही बंद पडलात, किंवा कायदा आडवा आला तर?

ॲझटेक कनेक्ट ही इथेरियमवरची प्रायव्हसी सेवा २०२२ मध्ये आली आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी बंद करण्याची घोषणा केली. पैसे काढून घ्यायला लोकांना वर्षभराची मुदत दिली, हे चांगलं. पण त्यावर स्वतःचं ॲप उभारणाऱ्याला सगळं नव्याने करावं लागणार होतं. तुम्हाला किती मुदत मिळेल? डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल?

कायद्याची बाजू पण बघा. टॉर्नेडो कॅश ही व्यवहारांचा माग पुसणारी सेवा. चोरीचा पैसा त्यातून फिरवला गेला म्हणून अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले, ते मार्च २०२५ मध्ये उठवले. मधल्या काळात प्रामाणिकपणे वापरणारेही अडकले. जी सेवा कुणाचाच माग लावू देत नाही, ती तुमच्या धंद्याला अडचणीत आणू शकते. गरज पडल्यास ऑडिटरला ठरावीक नोंद दाखवता येईल अशी सोय हवीच. आणि टोकनला पैशाची किंमत असेल, तर सीएला विचारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

जबाबदारी तुमचीच

मंडळी, "चूक कंपनीची, आपण काय करणार?" असं म्हणायची सोय आता राहिली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की ग्राहकाची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, जबाबदारी त्याची. म्हणजे दुकानदाराची, तुमची. काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरीही. करार केल्याशिवाय असं काम बाहेर देता येत नाही. ग्राहकाला आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसून घ्यायचा हक्क आहे. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिली गेली.

आता सांगा, पुसायचा हक्क ग्राहकाला आणि न पुसणारी वही तुमच्याकडे. यातून वाट काढून देणं हेच त्या प्रायव्हसीवाल्याचं काम आहे. ते त्याला जमत नसेल तर पैसे कशाचे देताय?

सही करण्याआधी एक चाचणी

डेमोमध्ये स्वतःचा नंबर आणि खोटी खरेदी टाका. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगा, "माझी माहिती पुसा." मग बघा. कोण फोन उचलतं, किती दिवस लागतात, नंतर चेनवर काय उरतं, आणि उरलेल्यावरून तुमच्यापर्यंत पोचता येतं का. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारं एखादं पोर घरात किंवा शेजारी असतंच, त्याला सांगा, "यातून माझा नंबर काढून दाखव, बिर्याणी माझ्याकडून." हजाराच्या आत होणारी ही तपासणी आहे. मी केली नाही.

तासगावच्या मित्रा, तुझ्यासाठी म्हणून सांगते. भाव आणि नावं चेनवर टाकूच नकोस. ती ज्याची त्याच्याकडे राहू दे. चेनवर फक्त सॉल्ट घातलेला पुरावा जाऊ दे. एकाच बड्या व्यापाऱ्याच्या हातात चेन देऊ नकोस, शेतकऱ्यांच्या बाजूचाही एक सभासद हवा. आणि तिन्ही कंपन्यांना हे सात प्रश्न ईमेलवर पाठव, फोनवर नको. मला वाटतं, तिघांपैकी एक तरी उत्तरच देणार नाही. तेवढीच निवड सोपी झाली.

उत्तरं आली की कमेंटमध्ये टाक, कंपनीचं नाव न लिहिता. पुढच्या व्हिडिओत आपण ती सगळे मिळून वाचू. बाकी मंडळींनी पण सांगा, यातला कुठला प्रश्न विचारल्यावर समोरचा गडबडला?

भेटू मग. धंदा करा, नीट करा!